लवकर संपणाऱ्या गोळ्या

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. आमच्या मस्तगडातल्या घरी दूधवाला यायचा तेव्हा माझी आई त्याच्या देखत दुधात बोट बुडवायची आणि बोट उभं धरून थेंब कसा ओघळतो ते बघायची. दूधवाला कुरकुरायचा, "बाई, इतकी वर्सं झाली, अजून बोट बुडवता?" आई म्हणायची, "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नुसतं बोटच बुडवते." त्या बाईची मी लेक. नर्सिंगला गेले तेव्हा हा गुण नोकरीत कामाला येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. पण आला, आणि चांगलाच आला.

ट्रेनिंगमध्ये काही महिने आम्हाला मनोरुग्णांच्या वॉर्डात ड्युटी होती. तिथं पेशंट म्हणून एक शिक्षिका होती. गोड बोलायची, केस नीट विंचरायची, सगळ्या सिस्टरांची लाडकी. गोळी हातावर ठेवली की तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि वर हात जोडायची. आम्ही भोळ्या. ती गोळी गालात धरायची आणि आमची पाठ वळली की काढून उशीच्या शिवणीत सारायची. पुरेशा जमल्या तेव्हा एकदम घेतल्या. मन ताळ्यावर आणणारी जी गोळी, तीच मूठभर पोटात गेली की काळजाचे ठोके बिघडवते. ती गेली. त्या दिवसापासून डिप्रेशनचा पेशंट असला की मी गोळी देते, पाणी देते, तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते आणि गालातून बोट फिरवते. "सिस्टर, मी चोर आहे का?" असं विचारणारे खूप भेटले. "असशील," मी म्हणते. रागावले तर रागावू देत.

पुढं नव्वदनंतर कधीतरी माझी बदली अंबड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात झाली. तिथं आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर यायचे. लोक त्यांना डोस्क्याचा डाक्टर म्हणायचे. त्यांच्या रांगेत बसायची लाज वाटायची म्हणून, कुणी ओळखीचं भेटलं की पोट दुखतंय म्हणून सांगायचे. त्या रांगेत एकदा उन्हाळ्याच्या तोंडी वडीगोद्रीची एक सासू सुनेला घेऊन आली.

सासू उंच, काटक. घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि दारात शेळ्या. कमरेला पानाची चंची खोचलेली, तोंडात पान, त्यामुळं हनुवटी वर करून बोलायची. सून मात्र मान खाली घालून बसलेली. दुसरं बाळंतपण होऊन काही महिने झाले होते. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवण नाही, बोलणं नाही, पोराला छातीशी लावलं तर लावलं, नाही तर ते रडतंय इकडं हिचं ध्यान नाही.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मी सासूला बाजूला घेतलं. "दुसरी पण मुलगीच झाली का? टोमणे मारले असतील तुम्ही."

"पोरगा झालाय, सिष्टरबाई. गावभर पेढे वाटले."

"मग नवरा पीत असेल."

"त्यो च्याबी पीत न्हाई."

तो बाहेर उभा होता. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं, हात काळे. त्याच्याकडंही मी निरखून पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणून मी काही निश्चिंत झाले नाही. ज्या घरात काहीच सापडत नाही त्या घराचा मला जास्त संशय येतो.

डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिलं. तेव्हा आमच्याकडं हेच औषध चालायचं. ते कसं घ्यायचं हे सांगणं माझं काम, आणि ते काम मी कधी घाईत उरकलं नाही. कारण हे औषध उलट्या चालीचं. त्रास आधी देतं आणि गुण मागून. पहिले काही आठवडे मनाला काहीच बरं वाटत नाही, आणि तोंड तेवढं कोरडं पडतं, शौचाला साफ होत नाही, डोळ्यांवर झापड येते. लोकांना वाटतं औषध गरम पडलं. मग ते परस्पर बंद करतात आणि वर ताक पीत बसतात. म्हणून मी सासूसुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. घोट घोट पाणी पीत राहायचं. तोंड सुकलं तर बडीशेप चघळायची. पालेभाजी, पपई खायची. झोपेतून उठताना आधी बसायचं, दम खायचा, मग उभं राहायचं, नाही तर चक्कर येऊन पडाल. लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, लाजायचं नाही. बाळ जास्त झोपाळू झालं, दूध ओढेना झालं, तरी यायचं. आणि काही झालं तरी गोळी मनानं बंद करायची नाही.

"आणि मावशी," मी सासूला म्हणाले, "गोळ्या हिच्या हातात बिलकुल द्यायच्या नाहीत. तुमच्याजवळ ठेवा. रात्री जेवण झालं की एक काढून द्यायची आणि तुमच्या डोळ्यांदेखत खाऊ घालायची. काही कमीजास्त झालं तर मी तुम्हाला धरीन."

"मलाच धरा," ती म्हणाली आणि पाकीट चंचीत कोंबलं.

सून उठताना एवढंच बोलली, "मला येडी ठरवून राह्यले सगळे." तिच्या आवाजात राग होता. मला बरं वाटलं. राग आहे म्हणजे माणूस अजून आत आहे.

नंतरच्या खेपेला सासू एकटीच आली, आणि ठरल्यापेक्षा बरीच आधी आली. गोळ्या संपल्या म्हणाली.

"अशा कशा संपल्या?"

"सांडल्या, बाई. शेळीनं चंचीला तोंड लावलं."

ठीक आहे. शेळी म्हटल्यावर काय बोलणार? दिल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा आधीच हजर. या वेळी म्हणे उंदरानं नेल्या.

"वडीगोद्रीच्या उंदरांना रात्रीची झोप येत नाही का?" मी विचारलं.

ती हसली नाही. नेहमीची बडबडी बाई, पण आता गप्प गप्प राहायची. ओठांवरून सारखी जीभ फिरवायची. तोंडात पान नाही. पान सोडलं का म्हटलं तर म्हणाली, "गोड लागंना." माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. कागदावर अंगठा उठवायला सांगितला तर भलतीकडंच उठवला. उठली तर भिंत धरून उठली. बाकावर बसल्या बसल्या तिला डुलकी लागली, तेव्हा तर मी मनाशी म्हणाले, ही रात्रभर जागून काय उद्योग करते म्हणून दिवसा झोपते? भ्यालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, नजर ठरत नाही, हातापायात बळ राहत नाही. ही सगळी लक्षणं मला तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होती.

डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा लहान, हसरे. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." मी म्हणाले, "पोलिसात गेले असते तर माणूस मेल्यावर बोलावणं आलं असतं. मला आधी जायचंय." यावर ते हसले नाहीत. औषध थोड्याच दिवसांचं द्या आणि रिकामी पाकिटं परत मागा, म्हणाले. मी तसं केलं. सासूनं रिकामी पाकिटं बराबर आणून दिली, एकूण एक गोळी काढलेली. पण काढलेली गोळी कुठं गेली हे पाकीट थोडंच सांगतं? औषध परत आधीच संपलेलं.

मग एका खेपेला सून बरोबर आली. मी बघतच राहिले. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, पोर कडेवर. डॉक्टर खूश झाले. सासू खूश झाली. मी मात्र सावध झाले. कारण या दुखण्यात एक टप्पा फार वाईट असतो. हातापायात जीव आधी येतो आणि मनातला अंधार मागं राहतो. जे करायचं बळ कालपर्यंत अंगात नव्हतं, ते माणूस आता करू शकतो. आणि या बाईच्या घरात कुठंतरी गोळ्या साठत होत्या. सून साठवतेय की सासू तिच्यासाठी साठवतेय, एवढाच प्रश्न होता. मला दोघींचाही संशय होता. सुनेला जगण्यातून सुटायचं असेल, किंवा सासूला सुनेपासून. त्या काळात स्टोव्हचे भडके उडून गेलेल्या सुना मी कमी पाहिलेल्या नव्हत्या.

मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी बाळाचं वजन बघायचं निमित्त केलं, एसटी पकडली आणि वडीगोद्री गाठली.

पत्र्याचं घर, शेणानं सारवलेला ओटा, दारात शेळ्या बांधलेल्या. हायवेवरून ट्रक गेला की पत्रा थरथरायचा. सुनेनं पाणी दिलं. बाळाचं वजन केलं, चांगलं भरलं. मग मी कामाला लागले. बाळाची दुपटी बघते म्हणाले आणि गोधड्या झटकल्या. बाळाला काय खायला घालता म्हणाले आणि पिठाच्या डब्यात हात घातला. उशी चाचपली. शिवणीवरून बोट फिरवलं. ट्रंक उघडायला लावली. झडतीच घेतली म्हणा ना! सून दाराला टेकून बघत होती. सासू ओट्यावर बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "काय हुडकून राह्यल्या, सिष्टरबाई?"

माझं डोकं फिरलं. "गोळ्या हुडकून राह्यले! कुठं ठेवल्यात? या पोरीला एकदम खाऊ घालायला जमवून राह्यल्यात का तुम्ही?"

म्हातारीचा चेहरा असा झाला की तो मी विसरले नाही. ती ताडकन उठली. तोंडातून शिवी बाहेर पडणार होती, पण शिवी अर्धीच आली आणि ती उभीच्या उभी खाली कोसळली.

मी धावले. कपाळाला खरचटलं होतं, शुद्ध होती. पिशवीत बीपीचं यंत्र असायचंच. आडवी असताना बीपी बघितलं, हळूच बसवून परत बघितलं. बसवल्यावर धाडकन खाली. जीभ बघितली तर कोरडी खडखडीत. ओटीपोटाला हात लावला तर फुगून टणक झालेलं, हात लावू देईना.

"मावशी, लघवीला कधी गेलात?"

"कालपासून व्हईना. लाज वाटती सांगायला."

कोरडं तोंड. झापड. नजर धूसर. उठताना भोवळ. लघवी अडलेली. हे मी रोज माझ्या तोंडानं पेशंटांना सांगते. मी तिच्याकडं बघत बसले. "मावशी, तुम्ही कुठलं औषध घेता?"

तिनं तोंड फिरवलं. दारातून सून बोलली.

"माझंच घेतात. रोज. मीच म्हनले व्हते, आधी तुमी खा."

पहिल्याच रात्री सुनेनं दात घट्ट मिटून घेतले होते. तुम्ही मला मारून दुसरी आणणार, ही तसलीच गोळी आहे, म्हणाली. आमच्या खेड्यापाड्यांत दिलेल्या वस्तूचा संशय आला तर देणाऱ्यानं आधी स्वतःच्या तोंडात टाकून दाखवायची, मग घेणाऱ्यानं घ्यायची, ही जुनी रीत. करणीच्या भीतीनं पडलेली. कुणी जडीबुटी दिली तरी तसंच. म्हातारीला वाटलं, एकदा खाऊन दाखवलं की झालं. पण सुनेला रोज संध्याकाळी नव्यानं संशय यायचा. कालची चांगली असेल, आजची कशावरून? म्हातारी रोज आधी आपल्या तोंडात टाकायची, आ करून दाखवायची, मग सून खायची. डॉक्टरांनी सुनेचा डोस वाढवला तसा हिचाही वाढला. आणि या म्हातारीला मी चोर ठरवत होते!

मी चिडले. घाबरले की मी चिडतेच. "अहो, अक्कल गहाण टाकली होती का? मी सांगितलं नव्हतं, चक्कर आली, लघवी अडली तर या म्हणून? मला का नाही सांगितलं?"

"तुमी बंद करायला लावलं असतं," म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली. "मंग हिनं तोंडच उघडलं नसतं. ही गेली असती आन् लेकरं उघडी पडली असती." मग म्हणाली, "तुमीच म्हनल्या व्हत्या, तरास आधी व्हतो, गुन मागून येतो. मी म्हनलं, तरास मला व्हऊ दे. गुन तिला येऊ दे."

मला रडू आलं आणि रडू येतंय याचा आणखी राग आला.

आता कुणी म्हणेल, बघ, तुझा संशय खोटा ठरला. मला हे मान्य नाही. गोळ्या लवकर संपत होत्या, हे खरं होतं. त्या जिथं जायला नको तिथं जात होत्या, हेही खरं होतं. मी संशय घेऊन वडीगोद्रीला गेले नसते तर ती म्हातारी एखाद्या पहाटे शेळ्यांपाशी पडून राहिली असती, आणि घरच्यांनी वय झालं होतं म्हणून सोडून दिलं असतं. वेड्यासारखी चौकशी करणारं कुणीतरी असावं लागतं. कुणाची चौकशी करायची एवढंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लेकाला दुकानातून बोलावलं. जीप केली, जल्दी दवाखान्यात आणलं. लघवीची नळी घातली तेव्हा म्हातारीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिची गोळी तिथंच बंद केली. म्हाताऱ्या अंगातून हे औषध उतरायला वेळ लागतो, नजर ठेवा, म्हणाले. मी सलाईन लावलं, नाडी बघत राहिले, पाणी चमच्यानं पाजलं. तिचा धोका टळत होता. पण खरा प्रश्न पुढंच होता, आणि तो मला दिवेलागणीला कळला.

सुनेची गोळीची वेळ होत आली होती. ती खाटेपाशी पोर मांडीवर घेऊन बसलेली. आता गोळी आधी कोण खाणार?

लेक पुढं आला. "मी खातो."

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले. "सगळ्या घरालाच औषध लावायचंय का?"

तशीच दिसणारी पेपरमिंटची गोळी म्हातारीला द्यावी, असं स्टाफमधल्या एकीनं सुचवलं. मी नाही म्हणाले. संशयी माणसाला फसवू नये. मला कुणी असं फसवलं असतं आणि मला ते कळलं असतं, तर त्याच्या हातचं पाणी जन्मभर प्याले नसते. आणि ही पोर आता कुठं वर आली होती. गोळी एकाएकी सुटली असती तर परत भिंतीकडं तोंड करून निजली असती, किंवा त्याहून वाईट. मला काही सुचेना. शेवटी जे होतं ते तिला सरळ सांगितलं.

"हे बघ बाई, तुझ्या सासूला हे तुझ्या औषधानं झालंय. ते विष नाही. पण ज्याला ते दुखणंच नाही, आणि वरून ज्याचं वय झालंय, त्याला ते झेपत नाही. तिला पहिल्या आठवड्यापासून भोवळ येत होती. तोंड सुकून भाकरी गिळवत नव्हती. तिनं सांगितलं नाही, कारण तू खाणं बंद केलं असतंस. आता ती खाणार नाही. मी तिला खाऊ देणार नाही."

सून सासूच्या खाटेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडं बघत राहिली.

म्हातारीनं सलाईन नसलेला हात पुढं केला. "आना हिकडं. एकीनं काय व्हतंय? आजच्या रोज खाते."

"खबरदार!" मी ओरडले.

"तुमी मधी पडू नका, सिष्टरबाई. तिला न्हाई पटत तर काय करू?" हात तसाच पुढं.

तेव्हा सुनेनं तो हात धरला आणि खाली खाटेवर ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या महिन्यांत ही रडलीच नव्हती, असं तिच्या नवऱ्यानं मला नंतर सांगितलं.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. मी खाते."

"नुस्तं म्हनू नको."

"खाते म्हनले न."

"मंग माझ्यासमोर खा."

सुनेनं पोर सासूच्या कुशीत ठेवलं, माझ्या हातातली गोळी उचलली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्याली. म्हातारी तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होती, घोट खाली उतरेपर्यंत. उतरला तरी तिचं समाधान झालं नाही.

"आन् उद्या?"

"उद्याबी मीच खानार," सून म्हणाली. "तुमी तेवढ्या जगा."